दुसऱ्या खोलीतलं काम

गेल्या महिन्यात माझ्या नणंदेच्या मुलीचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. “मामी, तुझ्यासारखा रिमोट जॉब कुठल्या साइटवर मिळतो? मला पुण्याला जायचं नाहीये. मी गेले तर आई एकटी पडेल.”

मी चार साइट्सची नावं टाइप केली आणि पाठवायच्या आधी खोडून टाकली. मला स्वतःला त्यातल्या एकाही साइटवरून काम मिळालेलं नव्हतं. जे मिळालं ते कसं मिळालं, हे एका मेसेजमध्ये सांगता येईना. “रविवारी फोन करते,” एवढंच लिहिलं.

रविवार यायच्या आत जे जे आठवलं आणि पुन्हा वाचून काढलं, ते इथे लिहिते आहे. २०२० च्या मार्चमध्ये सगळे लॅपटॉप घेऊन घरी आले, त्यामुळे घरी बसून सॉफ्टवेअर लिहिणं ही कोरोनाची देणगी आहे असं आपल्याला वाटतं. खरं तर ते त्याआधी निदान अठ्ठावन्न वर्षं चालू होतं. आणि ते सुरू केलं होतं घरात लहान मुलं असलेल्या बायकांनी.

सहा पौंड आणि एक टेलिफोन

१९३९ च्या उन्हाळ्यात व्हिएन्नाहून ज्यू मुलांना घेऊन इंग्लंडला जाणाऱ्या एका आगगाडीत पाच वर्षांची एक मुलगी होती. सोबत तिची नऊ वर्षांची बहीण. आईवडील मागे राहिलेले. ही मुलगी इंग्लंडमध्ये दुसऱ्या कुटुंबात वाढली, गणितात हुशार निघाली, लंडनमध्ये डॉलिस हिलच्या पोस्ट ऑफिस संशोधन केंद्रात नोकरीला लागली आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन पदवीधर झाली. लग्नानंतर तिचं नाव स्टेफनी शर्ली.

नोकरीत एका मर्यादेपलीकडे बाईला वर जाऊ देत नाहीत हे कळल्यावर तिनं १९६२ मध्ये नोकरी सोडली आणि सहा पौंडांच्या भांडवलावर स्वतःची कंपनी काढली. नाव ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’, ऑफिस म्हणजे घरातलं जेवणाचं टेबल. नवऱ्याच्या परवानगीशिवाय बाईला बँकेत खातं उघडता येत नसे, त्या काळातली ही गोष्ट. सॉफ्टवेअर ही वेगळी विकायची वस्तू आहे हेही फारसं कुणाला पटत नव्हतं. ते मशिनसोबत फुकट येतं असा समज होता.

तिनं माणसं घेतली ती लग्नानंतर किंवा मूल झाल्यावर नोकरी सोडलेल्या प्रोग्रामर बायका. पहिल्या तीनशे जणांत २९७ बायका होत्या. कामावर घेताना विचारला जाणारा एक प्रश्न होता: तुमच्याकडे टेलिफोनची सोय आहे का? आज आपण वायफायचा स्पीड विचारतो, तसाच.

काम चालायचं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. या बायकांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. कुणाच्याच घरी नव्हता. त्या कागद-पेन्सिल घेऊन आधी फ्लोचार्ट काढायच्या, मग हातानं कोड लिहायच्या. तो कागद पोस्टानं डेटा सेंटरला जायचा. तिथे तो कार्डांवर किंवा कागदी पट्टीवर पंच व्हायचा आणि चूक राहू नये म्हणून पुन्हा एकदा पंच करून ताडून पाहिला जायचा. म्हणजे कोड लिहिणं आणि तो चालताना बघणं यांच्यामध्ये पोस्टमन होता. अशा वेळी डोक्यातलं सगळं कागदावर स्वच्छ उतरवणं भागच होतं. लिहिणारी आणि वाचणारा एकमेकांच्या टेबलाशी जाऊन काही विचारू शकत नव्हते.

घरी बसलेल्या बाईनं खरंच किती तास काम केलं, हे गिऱ्हाइकानं कसं ओळखायचं? शर्लीच्या कंपनीनं त्यावर काढलेला मार्ग म्हणजे तासांऐवजी पूर्ण कामाची किंमत आधीच ठरवून सांगायची. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग अशाच घरी बसून काम करणाऱ्या सुमारे तीस बायकांनी केलं.

या गोष्टीतले दोन तपशील मला विसरता येत नाहीत. कंपनीची ओळख करून देणारी शर्लीची पत्रं जात, पण उत्तरं येत नसत. नवऱ्यानं सुचवलं, ‘स्टेफनी’ऐवजी ‘स्टीव्ह’ अशी सही करून बघ. ती केल्यावर उत्तरं यायला लागली. दुसरा तपशील टेपरेकॉर्डरचा. घरी मूल होतं, गिऱ्हाइकाचा फोन आला की घरातले आवाज जायचे. म्हणून ती फोनच्या वेळी टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावून ठेवायची. पलीकडच्याला वाटायचं, ऑफिस गजबजलेलं आहे.

मी मीटिंगच्या आधी लॅपटॉपमधलं आवाज गाळणारं बटण दाबते, तेव्हा मला ती टेप आठवते. मशिन बदललं आहे, लपवायचं तेच आहे.

पापड आणि बिडी

हे वाचताना कुणाला वाटेल, इंग्लंडचं ठीक आहे, आपल्याकडे कुठे असं होतं? आपल्याकडे सॉफ्टवेअर नव्हतं, पण घरून काम चांगलंच ओळखीचं होतं.

शर्लीच्या कंपनीच्या तीन वर्षं आधी, १५ मार्च १९५९ ला, मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढचं लिज्जत. तिथली पद्धत साधी आहे. सकाळी केंद्रावरून भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे. केंद्रावर ते तपासले जातात, वजनाप्रमाणे पैसे मिळतात. लाटणारी बाई किती वाजता लाटते, मध्येच मुलाला शाळेत सोडायला जाते का, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. पापड नीट हवा. आणि ती बाई संस्थेची नोकर नसते, सभासद असते, नफ्यात तिचा वाटा असतो.

याच महाराष्ट्रात सोलापूरला हजारो बायका घरी बिड्या वळत आल्या आहेत. तेंदूची पानं आणि तंबाखू घरी आणायचा, बिड्या वळून परत न्यायच्या, हजारावर दर. वरवर पाहिलं तर पापडासारखंच. फरक असा की बिड्या घेणारा त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढतो आणि त्या खराब आहेत की नाहीत हे तोच ठरवतो. त्यांचे पैसे मिळत नाहीत. या कामगारांसाठी १९६६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, कारण घरी बसून काम करणाऱ्याला कामगार म्हणायचं का, इथूनच वाद होता.

अमेरिकेतही हा वाद झाला. १९८३ मध्ये तिथल्या कामगार संघटनांच्या महासंघानं घरी बसून कॉम्प्युटरवर काम करवून घेण्यावर बंदी मागितली. पूर्वी शिवणकाम घरी देऊन बायकांना लुबाडलं गेलं होतं, तेच पुन्हा होईल अशी त्यांना भीती होती. तेव्हा ते जुनाट वाटलं असेल. मला आज ते तसं वाटत नाही. घर तेच, वेळेची सवलत तीच, पण एक काम लिज्जतसारखं असतं आणि एक बिडीसारखं. काम शोधताना हे ओळखावं लागतं.

एका फ्लॅटमधले दोन देश

आता पुण्याकडे येऊ. पण त्यासाठी आधी अमेरिकेत, बोस्टनजवळच्या केंब्रिज गावातल्या एका फ्लॅटमध्ये जावं लागेल.

नरेंद्र पटनी एमआयटीत शिकले होते. अमेरिकेतल्या कंपन्यांना कागदावरची माहिती कॉम्प्युटरला वाचता येईल अशा रूपात हवी होती आणि तिथे टायपिंगची मजुरी महाग होती. हे काम भारतात करून घेता येईल का, असा प्रश्न त्यांना पडला. समुद्रापलीकडच्या माणसाला काम समजावता येईल का, याची परीक्षा पटनी आणि त्यांच्या पत्नी पूनम यांनी घरातच घेतली, असं सांगितलं जातं. फ्लॅटमधली एक खोली अमेरिका, दुसरी भारत. नियम एकच: एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलायचं नाही. जे सांगायचं ते लिहून द्यायचं.

नवरा-बायको, मध्ये एक भिंत, आणि तरी सगळं लेखी. लिहिलेल्या सूचनेत काही अर्धवट राहिलं तर पलीकडे काम चुकणार. मग चूक वाचणाऱ्याची नाही, लिहिणाऱ्याची. १९७२ च्या सुमारास हे काम पुण्यात सुरू झालं. पुण्यात टाइप करून कागदी पट्ट्या तयार व्हायच्या आणि विमानानं अमेरिकेला जायच्या.

पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये जॅक निल्स या संशोधकानं ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द वापरात आणला. एका विमा कंपनीच्या कर्मचाऱ्यांना शहराच्या मध्यभागी न बोलावता घराजवळच्या छोट्या केंद्रांत काम करू द्यायचं, असा प्रयोग त्याच्या गटानं केला. त्याच वर्षी तेलाचं संकट आलं, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि माणसाला कामाकडे नेण्याऐवजी काम माणसाकडे न्यावं, हा विचार लोकांना एकदम व्यवहारी वाटू लागला. शब्द अमेरिकेत तयार होत होता, तेव्हा काम पुण्यात चालूही झालं होतं.

पटनींनी १९७८ मध्ये पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स काढली. तिथून बाहेर पडलेल्या नारायण मूर्ती आणि सहा सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू केली. पण त्या दशकात परदेशाशी जोडणाऱ्या चांगल्या लाइन्स नव्हत्या, त्यामुळे कामाऐवजी माणसंच विमानात बसून अमेरिकेला जात. ‘ऑनसाइट’ हा शब्द मराठी घरांत तिथून शिरला आणि लग्नाच्या बायोडेटापर्यंत पोचला. १९८५ मध्ये बेंगळुरूला आलेल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं तिथून उपग्रहाची लाइन घेतली. १९९० च्या सुमारास सरकारनं बेंगळुरू, पुणे आणि भुवनेश्वर इथे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क सुरू केले, तिथे ६४ केबीपीएसच्या लाइन्स मिळत. आज आपल्या फोनवर इतका स्पीड आला तर आपण फोन बंद करून चालू करू. तेव्हा त्यावर कंपन्या उभ्या राहिल्या.

इथे एक गंमत आहे, जी मला कराडला परत आल्यावरच दिसली. भारताचा आयटी उद्योग हा मुळातच रिमोट कामाचा उद्योग आहे. न्यू जर्सीतल्या गिऱ्हाइकासाठी हिंजवडी म्हणजे दुसरी खोलीच. पुण्यात बसलेल्या माणसाला न बघता ते गिऱ्हाईक पन्नास वर्षं काम देत आलं. पण त्याच उद्योगानं आपल्या माणसाला मात्र कराडहून, बार्शीहून, अकोल्याहून पुण्याला आणून बसवलं. कंपनी रिमोट होती, माणूस नाही. बारा हजार किलोमीटरचं अंतर चाललं, दीडशे किलोमीटरचं चाललं नाही.

याला नुसता संशयी मॅनेजर कारण नव्हता. निर्यातीच्या करसवलती जागेशी बांधलेल्या होत्या. सेझमधल्या कंपनीचं काम सेझच्या कुंपणात व्हावं अशी अपेक्षा होती. कोरोनात तात्पुरती सूट मिळाली, पण सेझमधल्या कर्मचाऱ्यांना घरून काम करू देण्याचा रीतसर नियम, ४३-ए, आला तो जुलै २०२२ मध्ये. तोही निम्म्या कर्मचाऱ्यांपुरता आणि एका वर्षासाठी.

चेहरा नसलेला पॅच

या सगळ्याला समांतर आणखी एक रस्ता तयार होत होता, तो कुठल्याच कंपनीनं बांधलेला नव्हता. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं. लिनक्स वाढलं ते एकमेकांना कधीही न भेटलेल्या लोकांमुळे. कुणीतरी दोष शोधायचा, दुरुस्ती लिहायची, ती का हवी हे सोबत लिहायचं आणि ईमेलनं पाठवायची. या दुरुस्तीला पॅच म्हणतात. तो वाचून लोक प्रश्न विचारणार, चुका काढणार, पुन्हा लिहायला लावणार. पटला तर तो आत जाणार. २००५ मध्ये टोरवाल्ड्सनंच गिट लिहिलं. त्यामुळे कुठली ओळ कुणी, कधी आणि का बदलली याची कायमची नोंद राहू लागली. २००८ मध्ये गिटहब आलं आणि ही नोंद कुणालाही बघता येऊ लागली.

शर्लीच्या बायकांचे कागद आणि पटनींच्या चिठ्ठ्या यांचंच हे पुढचं रूप. आज ज्या कंपन्या पूर्णपणे रिमोट चालतात, त्यांच्या सवयी इथून आल्या आहेत. गिटलॅबसारखी कंपनी आपलं कामकाजाचं हँडबुक सगळ्यांना वाचायला उघडं ठेवते, त्यामागे हीच समजूत आहे: तोंडी सांगितलेलं दुसऱ्या खोलीत पोचत नाही.

पॅचला चेहरा नसतो म्हणून न्याय होतो, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी गिटहबवरच्या लाखो दुरुस्त्या तपासल्या, तो अभ्यास २०१६-१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकंदरीत बायकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारल्या गेल्या होत्या. पण एखाद्या प्रकल्पाला अनोळखी असलेली व्यक्ती बाई आहे हे प्रोफाइलवरून कळत असेल, तर तिचं प्रमाण पुरुषांपेक्षा खाली येत होतं. स्टेफनीनं स्टीव्ह अशी सही केल्याला तेव्हा पन्नासहून जास्त वर्षं झाली होती.

माझी खोली

माझी गोष्ट मोठी नाही. हिंजवडीत सहा वर्षं नोकरी केली. २०२० मध्ये मुलगा झाला. २०१७ च्या दुरुस्तीनंतर आपल्या प्रसूती कायद्यात २६ आठवड्यांची रजा आहे, आणि कामाचं स्वरूप तसं असेल तर त्यानंतर घरून काम करण्याची तरतूदही आहे, मात्र कंपनी आणि कर्मचारी दोघांच्या संमतीनं. ‘संमतीनं’ या शब्दाचा अर्थ मला सगळे ऑफिसला परत बोलावले गेले तेव्हा कळला. सासूबाईंचं आजारपण आणि मूल, दोन्ही कराडला होतं. मी राजीनामा दिला.

दीड वर्षानंतर काम शोधायला लागले तेव्हा मीही साइट्सवरूनच सुरुवात केली. साठेक अर्ज केले. बहुतेकांचं उत्तर आलं नाही. एका मुलाखतीत कोडचे प्रश्न संपल्यावर मला विचारलं, “मूल घरी कोण सांभाळतं?” मी खरं सांगितलं. पुढची फेरी झाली नाही. बायोडेटातली ती दीड वर्षांची मोकळी जागा मी काय काय शब्दांनी भरून बघितली! शेवटी वाटायला लागलं, की या लोकांनी मला निवडायचं कशावरून? हजार अर्जांत माझा एक, आणि त्यात माझ्या कामाची एक ओळही नाही. सगळी विशेषणं.

त्याच सुमारास सवय जाऊ नये म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहीत होते. त्यात तारखा आणि वेळा हाताळणारी एक मोफत लायब्ररी वापरली होती. भारतातली वेळ टाकली की उत्तर अर्ध्या तासानं चुकत होतं. दोन रात्री शोधल्यावर कारण सापडलं. लिहिणाऱ्यानं एके ठिकाणी गृहीत धरलं होतं, की जगातल्या सगळ्या देशांच्या वेळांत पूर्ण तासांचाच फरक असतो. आपला फरक साडेपाच तासांचा. नेपाळचा तर पावणेसहा.

दुरुस्ती नऊ ओळींची होती. पण मी तिच्यासोबत पानभर लिहिलं: काय केल्यावर चूक दिसते, का होते, दुरुस्तीनं दुसरं काही बिघडत नाही हे कशावरून, आणि काठमांडूची वेळ घालून केलेली चाचणी. मूल झोपल्यावर तीन रात्री मी ते पान पुन्हा पुन्हा लिहिलं. लायब्ररी सांभाळणारा युरोपातला गृहस्थ होता. त्यानं दोन शंका विचारल्या, एक बदल करायला सांगितला आणि आठवड्यानं ते स्वीकारलं. मग मी त्याच लायब्ररीत आणखी चार गोष्टी दुरुस्त केल्या. पैसे शून्य. घरात हे समजावून सांगणं कोडपेक्षा अवघड होतं.

चार महिन्यांनी ती लायब्ररी वापरणाऱ्या एका छोट्या कंपनीनं ईमेल केला. मुलाखतीत त्यांनी माझ्याच दुरुस्त्या उघडून त्यावर प्रश्न विचारले. दीड वर्षाच्या मोकळ्या जागेबद्दल कुणी विचारलं नाही. माझं काम त्यांनी आधीच पाहिलं होतं.

हे मिळालं ते बिडी आहे की पापड, हे मी अजून तपासते आहे. मी नोकर नाही, कंत्राटी आहे. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही. तीस दिवसांच्या नोटिशीवर काम संपू शकतं. बँकेत गृहकर्जाची चौकशी केली तेव्हा सॅलरी स्लिप मागितली आणि ती नाही म्हटल्यावर टेबलापलीकडचा सूर बदलला. मुलाला झोपवून रात्री साडेनऊची मीटिंग घ्यावी लागते. हेच काम त्यांच्या शहरात बसून करणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त मिळतं, हे मला माहीत आहे. काही कंपन्या राहण्याच्या गावाप्रमाणे पगार ठरवतात आणि तसं उघड लिहितात, काही सगळ्यांना एकच दर देतात. फ्रीलान्सिंगच्या काही साइट्सवर तासाचे पैसे हवे असतील तर दर दहा मिनिटांच्या टप्प्यात स्क्रीनचा फोटो काढू द्यावा लागतो. शर्लीनं पूर्ण कामाची किंमत लावून जे टाळलं, ते तिथे कॅमेरा लावून परत आणलं आहे.

शर्लीच्या कंपनीचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. १९७५ च्या स्त्री-पुरुष भेदभावविरोधी कायद्यामुळे तिला पुरुषांनाही कामावर घेणं भाग पडलं. तिनं कंपनीची मालकी हळूहळू कर्मचाऱ्यांना दिली, त्यातले सत्तर जण त्यामुळे लक्षाधीश झाले. इथवर लिज्जतची आठवण यावी. नव्वदच्या दशकात कंपनी शेअर बाजारात गेली, मग तिनं नोएडातली एक भारतीय कंपनी विकत घेतली आणि काम स्वस्तात होतं तिकडे पाठवायला लागली. इंग्लंडमधल्या घरांतून निघालेलं काम भारतातल्या ऑफिसांत आलं. २००७ मध्ये ती कंपनी एका फ्रेंच कंपनीनं घेतली. शर्ली २०२५ च्या ऑगस्टमध्ये, ९१ व्या वर्षी गेली.

रविवारचा फोन

रविवारी मी भाचीला यातलं थोडंच सांगितलं. आधी तिला न आवडणारं सांगितलं. पहिली नोकरी रिमोट मिळणं सगळ्यात कठीण असतं. मी जे शिकले ते हिंजवडीत शेजारच्या खुर्चीवरच्या सीनियरकडे बघून शिकले. दोन वर्षं पुण्याला काढली तर ती फुकट जात नाहीत. दुसरं, कंत्राट हातात आलं की पैशांच्या आकड्याआधी तीन गोष्टी वाच: काम पास की नापास हे कोण ठरवतं, केलेल्या कामाचे पैसे किती दिवसांत मिळतात आणि काम थांबवायचं झालं तर किती दिवस आधी सांगतात.

“आणि साइट?” तिनं विचारलं.

“साइट सांगते. पण त्याआधी तू रोज वापरतेस अशा एखाद्या ओपन सोर्स गोष्टीतली एक चूक शोध आणि ती नीट लिहून मला पाठव. दुरुस्त नाही केलीस तरी चालेल.”

“आणि आईचं काय करू, मामी?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या आईशी मी बोलेन, एवढं म्हटलं. नंतर बोललेही. नणंद म्हणाली, “तिला म्हणावं जा. मी काही एकटी नाही, शेजार आहे.” पण म्हणताना तिचा आवाज जरा वेगळा होता.

बुधवारी भाचीनं चूक पाठवली. एका अ‍ॅपमध्ये मराठीतून शोधलं की काही शब्द सापडत नव्हते. तिनं लिहिलं होतं, “मराठी सर्च चालत नाही.” एक ओळ.

मी उलट लिहिलं, “मी दुसऱ्या खोलीत आहे आणि मला मराठी येत नाही, असं समज. तू काय टाइप केलंस, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं?”

दुसऱ्या दिवशी रात्री तिनं तेच पुन्हा पाठवलं. आता अकरा ओळी होत्या. जोडाक्षर असलेला शब्द आणि नसलेला शब्द, दोन्ही तिनं घालून पाहिले होते. त्यातल्या दोन ओळी मला कळल्या नाहीत. त्या मी तिलाच परत विचारल्या आहेत.